दोन बोटं खाली

भागरताबाई किड्यांना सुळावर चढवायची. यात माझ्या पदरचं काही नाही. उजाडलं की ती वांग्या-मिरचीच्या रोपांच्या वाफ्याशी उकिडवी बसे. एखादं रोप बुडातून कापून आडवं पडलेलं दिसलं की शेजारी बोट खुपसून माती उकरे, वेटोळं करून बसलेली काळपट अळी बाहेर काढे आणि बाभळीच्या काट्यात आरपार टोचून तो काटा त्या रोपाच्या जागीच रोवून ठेवी. मी पहिल्यांदा तिच्या वाफ्यावर गेलो तेव्हा असे काटे ओळीने उभे होते आणि काहींवरच्या अळ्या अजून वळवळत होत्या. मी सायकल टाकून बांधावर, तिकडच्या बोलीत धुऱ्यावर, बसलो.

"काऊन साहेब, भेव लागते का?" तिने मान वर न करता विचारलं. "जिथी कापलं, तिथीच मरन तो. चोट्टा आहे."

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी शेतकी खात्यात नवा मदतनीस म्हणून लागलो होतो. चांद्याहून पावडरचे डबे आणायचे आणि गोंडपिपरीच्या आसपासच्या गावांत ते शेतकऱ्यांच्या गळी उतरवायचे, हे माझं काम. परीक्षा पास झाल्याचा माज अंगात मुरलेला होता. भागरताबाई जातीची मरारीण, भाजीपाला हाच तिचा जन्मभराचा धंदा. मावा पडला की ती चुलीतली राख भुरभुरायची, पानांची चाळणी करणारे ठिपकेवाले भुंगे पहाटेच्या गारठ्यात सुस्त असताना झटकून मडक्यातल्या उकळत्या पाण्यात टाकायची. ते तडतडले की तिच्या तोंडावर जे समाधान दिसे ते मला आवडत नसे.

माझ्या पावडरीची तिने पहिल्याच दिवशी वाट लावली. "तुमची पावडर वरतं झोपून राह्यते, चोट्टा दोन बोटं खाली झोपून राह्यते. दोघायची भेट होईन कधी?" मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. ती म्हणाली, "साहेब, अजून कच्चे आहा तुमी." पुढे ते तिचं माझ्यासाठी ठरलेलं वाक्य झालं. इतकी वर्षं झाली तरी आठवलं की मला अजून राग येतो.

तिचा नवरा सोमाजी नागपूरच्या जेलात जन्मठेप भोगत होता. त्याने याच वाफ्यात विळ्याने आपल्या धाकट्या भावाचा गळा चिरला होता. कारण काय, तर भावाने रोपं कापून टाकली. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी घरी पत्रात लिहिलं होतं की इथले लोक रानटी आहेत, वांग्याच्या रोपांवरून खून करतात. ते पत्र आज हाती लागलं तर मी फाडून टाकीन.

दुसऱ्या वर्षी, पाऊस संपून थंडी पडायला लागली तेव्हा मारोती नावाच्या शेतकऱ्याने मला बोलावलं. त्याचा वाफा भागरताबाईच्या वाफ्याला लागूनच होता. मिरचीची निम्मी रोपं जमिनीलगत कापून पडली होती. पानं शाबूत होती, फक्त बूड साफ तोडलेलं. "साहेब, हे कायनं झालं?" त्याने विचारलं. मी एक रोप उचललं, तोडलेल्या जागी बोट फिरवलं आणि जाणत्याचा आव आणून म्हणालो, "किडीला असे दात नसतात. हे विळ्याचं काम आहे. माणसाचं."

भागरताबाईचे काटे मी रोज बघत होतो. तरीही मी हे बोललो. मला वाटे, ती बाई विकृत आहे, नवऱ्याचा राग किड्यांवर काढते. ती अळी नेमकं काय करते हे मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं.

मारोतीचं शेजारच्या काशीनाथशी धुऱ्यावरून भांडण होतं. काशीनाथ लांब पलीकडे आमच्याकडे पाठ करून पाणी देत होता. मारोतीने तिकडे पाहिलं. तो झोपडीत गेला आणि कुऱ्हाड घेऊन बाहेर आला. मी "अरे, अरे" करत जागच्या जागी उभा राहिलो.

भागरताबाई तिच्या वाफ्यातून धावत आली आणि मारोतीच्या कमरेला मिठी मारली. त्याने तिला झिडकारलं, केस धरून ओढलं, आणि त्या झटापटीत कुऱ्हाड तिच्या डाव्या खांद्यावर उतरली. लुगडं फाटलं, मांस उघडं पडलं. ती वाफ्यात गुडघ्यावर आली, पण रडली नाही. उजव्या हाताने ती पडलेल्या रोपाशेजारची माती उकरायला लागली. खांद्यातलं रक्त मातीत मिसळत होतं. मारोतीने काशीनाथकडे जायला पाऊल उचललं, तेवढ्यात तिने त्याच्या पायापाशी अळी टाकली.

"हा पाह्य तुया काशीनाथ," ती म्हणाली. "मार याले."

तिने दुसरी काढली, तिसरी काढली. प्रत्येक पडलेल्या रोपाखाली, दोन बोटं खाली, एक निघत होती. मारोती बघत राहिला आणि मग मट्‌कन खाली बसला. काशीनाथला तोवर काहीच कळलं नव्हतं, तो अजून पाणी देत होता.

माझ्या धोतराचा सोगा फाडून मी तिचा खांदा बांधला. तेव्हा ती हळू आवाजात बोलली. "त्या सालीही असेच कापले होते साहेब. वाटणीचं भांडण होतं, तं आमच्या यायनं म्हटलं, धाकट्यानंच कापले. वाफ्यातच पाडलं त्याले. पोलीस यायले नेऊन राह्यले होते, न् मी तिथीच बसून माती उकरून राह्यली होती. काऊन उकरली, मले नाई माहीत. खालून चोट्टा निंगाला."

"सोमाजीला हे ठाऊक आहे?"

"नाई. अन् तुमी सांगू नका. भावानं कापले, एवढ्याच गोष्टीवर ते जेल काढून राह्यले. हे समजलं तं सोताचाच गळा कापतीन."

त्यानंतर तीन वर्षांनी सोमाजी सुटून आला. पाठीत वाकलेला, मोठ्या हातांचा, मिठ्ठास बोलणारा माणूस. तो आला आणि वाफ्यातले काटे दिसेनासे झाले. भागरताबाई आता त्याच्या आधी उठायची, अळ्या दगडाने ठेचायची, कापलेल्या जागी नवं रोप लावून माती सारखी करायची. सोमाजी बाजेवरून उठून येईपर्यंत वाफा जसा काही झालंच नाही असा दिसे. माझ्याशी गप्पा मारताना तो मधूनच म्हणे, "भावानं रोपं कापले होते साहेब, नाई तं मी काऊन मारतो त्याले?" मी सायकलीची साखळी बघत बसे.

मग तिला हिवताप आला. चार दिवस ती उठली नाही. मी कोयनेलच्या गोळ्या घेऊन गेलो तर सोमाजी वाफ्यात बसला होता. अर्धा वाफा त्याने दोन्ही हातांनी उपसून काढला होता, कापलेली न कापलेली सगळी रोपं अस्ताव्यस्त पडली होती. समोर अळ्यांचा ढीग होता. मूठ भरून तो त्या चिरडत होता आणि हिरवट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. विळा त्याच्या मांडीशी पडला होता.

"साहेब," तो म्हणाला, "हे किडे तवाही होते का?"

झोपडीच्या दारात बाजेवर भागरताबाई पडली होती. तिचे डोळे उघडे होते आणि माझ्यावर होते. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही. मी विळ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. खात्याचा माणूस बोलतो त्या ठाम आवाजात. "ही अळी नवीन आहे. बाहेरच्या बियाण्याबरोबर आली, गेल्या दोन-तीन वर्षांत. त्याआधी या भागात नव्हती. आमच्या पुस्तकात आहे तसं."

सोमाजीने मूठ उघडली आणि हात मातीला पुसले. "पुस्तकात आहे तं खरंच असन," तो म्हणाला. विळा उचलून त्याने झोपडीच्या छपरात खोचला आणि जी रोपं मुळासकट होती ती एकेक करून परत लावायला लागला.

मी गोळ्या बाजेपाशी ठेवल्या. भागरताबाईच्या तोंडावर घाम होता, फाटक्या खांद्याचा वण लुगड्याबाहेर आला होता. मी वाकलो तेव्हा ती फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू बोलली.

"पिकले तुमी, साहेब."