सोजराबाईची कर्दळ

कासारवाडीच्या आमच्या आळीत सोजराबाईइतकी काळजीखोर बाई दुसरी नव्हती. दूध तापत ठेवलं तरी ते नासलं असणार, असं आधी म्हणायची. पण त्या वर्षी तिच्या काळजीला खरंच कारण होतं.

तिचं पिंपरीचं शेत नव्या कारखान्याच्या कुंपणात गेलं, विहीर बुजली, आणि विहिरीकाठची कर्दळही गेली. ती कर्दळ तिच्या नवऱ्यानं, सयाजीनं लावलेली. सयाजी वारला होता. त्याच्या हातचं म्हणावं असं आता त्या कर्दळीचं मूठभर काळं बी तेवढं उरलं होतं.

चैत्र लागताच तिनं मटकीला मोड आणतात तसं ते बी भिजवून फडक्यात बांधलं. मोड कुठले! बी छर्र्यासारखं टणक ते टणकच. पुन्हा भिजवलं, पुन्हा बांधलं. फडक्याला वास यायला लागला तेव्हा ती रडकुंडीला आली.

शेजारच्या ताजुन्निसाचा नवरा युसुफ सायकली दुरुस्त करायचा. त्यानं बी नखानं दाबून पाहिलं. "भाभी, याच्या आत पानीच जात न्हाई," म्हणाला आणि कानशीनं एकेक बी पांढरं दिसेपर्यंत घासून दिलं.

सोजराबाईनं ते कोमट पाण्यात ठेवून कुंडीत पेरलं. इथवर सगळं ठीक. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, हिच्यापुढे तोही सबुरीचा ठरला असता. रोज सकाळी बोटानं माती उकरायची, बी वर काढून बघायची, परत पुरायची. अशाच एका सकाळी एका बियाला पांढरा कोंब दिसला आणि तिच्याच नखानं तो मोडला.

बाकीचं बी तसंच मातीत ठेवून तिनं कुंडी उचलली आणि ताजुन्निसाच्या दारात ठेवली. "तुज्याकडं ऱ्हाऊ दे. म्या मागितली तरी देऊ नगं. माजा हात वंगाळ हाय."

ती मागायला आलीच, रोज आली. ताजुन्निसानं दारातूनच परतवलं. आम्हाला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

एका सकाळी ताजुन्निसाच तिला हाताला धरून घेऊन आली. मातीतून गुंडाळलेलं एक पान वर आलं होतं. सोजराबाई उंबऱ्याशी थबकली.

"तूच पानी घाल," ती म्हणाली.

"तुज्या घरच्याची कर्दळ हाय. तूच घाल."

सोजराबाईनं तांब्या घेतला. "माजा दुसरा हात धरून ठेव बाई," ती म्हणाली. ताजुन्निसानं तो घट्ट धरला, आणि रडत रडत तिनं पाणी घातलं.