घासलेटाची बाटली

निझामाच्या अमलात सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळायचं, बाटली मात्र घरून न्यावी लागायची. आमच्या घरी बाटली एकच, घासलेटाची. पोरीचा ताप उतरेना, तेव्हा ती रिकामी केली, राखेनं धुतली आणि पोरीला खांद्यावर घेऊन आम्ही नवरा-बायको तीन कोस चालत मंठ्याला गेलो. पोर दोन वर्षांची, पहिलीच.

डॉक्टर चिठ्ठी देऊन दौऱ्यावर गेले. खिडकीत कंपाउंडर होता. त्यानं बाटली हुंगली आणि परत सरकवली.

"घासलेटचा वास यिऊन राह्यला. धुऊन आन."

दवाखान्यामागं दहा पावलांवर आड होता. "तिथंच धुतो, साहेब," मी म्हणालो.

"सरकारी आड हाय. गावात जाऊन धू."

मी धावत गेलो, एका घरी हातापाया पडून गरम पाणी घेतलं, धावत आलो. खिडकी बंद. आत अडकित्ता वाजत होता. मी दार बडवलं, तर आतून आवाज आला, "टाइम झाला. उद्या ये."

परतीच्या वाटेवर आईच्या खांद्यावरच पोर गार पडली. त्या औषधानं ती वाचली असतीच असं नाही, असं लोक समजवायचे. मला समजून घ्यायचं नव्हतं. मी राग जपला, आणि ती बाटलीही.

दोन वर्षांनी त्याच दवाखान्यात मी चपराशी लागलो, मुद्दाम खटपट करून. कंपाउंडर तोच होता. त्याला मी ओळखलं, त्यानं मला नाही. त्याच आडाचं पाणी मी त्याला प्यायला द्यायचो. त्यात थुंकावं असं कितीदा मनात आलं! पण एवढ्यावर माझं भागणार नव्हतं.

मग नवे डॉक्टर आले, कडक. एका सकाळी कंपाउंडरनं एका म्हातारीची बाटली परत सरकवली. मी डॉक्टरांना हाताला धरावं तसं खिडकीशी आणलं आणि रांगेदेखत सगळं सांगितलं. माझ्या पोरीचं सोडून सगळं.

डॉक्टरांनी तिथंच हुकूम दिला, "आजपासून लोकांच्या बाटल्या तुम्हीच धुवायच्या. आडावर. एकही माणूस परत गेला तर तुम्हीही घरी जा."

पाणी मी ओढायचो. तो उकिडवा बसून घासायचा. प्रत्येक बाटली मी हुंगायचो आणि म्हणायचो, "वास यिऊन राह्यला, साहेब. पुन्हा धुवा." खोटं सांगत नाही, मला फार गोड वाटायचं. दवाखानाही सुधारला. बाया आता बिनधास्त येत, खिडकी वेळेआधी बंद होत नसे.

एक दिवस शेवटची म्हणून मी माझी बाटली पुढं केली. त्यानं ती तीनदा धुतली, उन्हात धरून पाहिली. काचेवर डाग नव्हता.

"आता बराबर झाली," तो म्हणाला. "चिठ्ठी कुठंय? कोन आजारी हाय?"

"कुनीच न्हाई," मी म्हणालो. "तुम्ही उद्या ये म्हनला व्हता. पोर थांबली न्हाई."