केकवरच्या बाहुल्या

आमच्या घरात केक म्हणजे मी. कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिटी काढून, सौंसरच्या या स्वयंपाकघरात मी साऱ्या घराचे वाढदिवस पार पाडले. मग धाकटी जाऊ इंग्लंडातून परत आली, पांढुर्ण्याला तिनं घर बांधलं, त्यात कपाटाएवढा ओव्हन बसवला आणि माझी सद्दी संपली.

सासूबाई माझ्याकडे राहतात. त्यांची पंचाहत्तरी जवळ आली तसा जावेचा फोन आला. "ताई, यंदा तुम्ही आराम करा. केक मी करून राहिली."

आराम करा म्हणे! माझ्या पोटात असं दुखायला लागलं, की ओव्यानंही उतरलं नसतं.

तिचा केक तिकडचा, मनुका-सुकामेव्याचा, लग्नाकार्यात करतात तसला. तो महिनाभर आधी करून ठेवायचा. तिकडे त्याला दारू पाजतात. सासूबाईंसाठी हिनं अंडं आणि दारू दोन्ही वगळून बागेतल्या संत्र्यांचा आटवलेला रस घेतला. दर आठवड्याला सुईनं भोकं पाडायची, चमचाभर रस सोडायची आणि मला फोटो पाठवायची. खाली लिहिलेलं, "त्याले पाजून राहिली." जसं काही तान्हं लेकरूच. मी प्रत्येक फोटोला हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं आणि फोन पालथा ठेवला.

मला एकच आशा होती. सासूबाई सकाळची पोळी रात्री खात नाहीत. महिन्याभराचा केक त्या तोंडात घालणं शक्यच नव्हतं. म्हणून त्या दिवशी पहाटे उठून मी माझा ताजा केक केला आणि डब्यात घालून पांढुर्ण्याला नेला.

जावेनं केक आणून ठेवला. वर खोकं झाकलेलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "आई, महिनाभराचा हाय बरं का हा."

सासूबाईंच्या कपाळावर आठ्या आल्या. "शिळा हाय का व?"

माझा जीव भांड्यात पडला.

"शिळा नाही आई, मुरवला हाय," जाऊ म्हणाली.

"मंग तसं सांग ना. लोणचं का आजचं आज खातो आपण? उघड."

तिनं खोकं उचललं. पांढऱ्याशुभ्र केकवर सासूबाई बसल्या होत्या, साखरेच्या. हिरवं लुगडं, कमरेला चाव्या, अगदी हुबेहूब. मला रडूच यायला लागलं, रागानं. मग दिसलं, शेजारी आणखी एक बाहुली उभी होती. पदर खोचलेली, हातात कुकर. ती मी होते.

"कुकर जमवता जमवता नाकी नऊ आले, ताई," जाऊ हसत म्हणाली.

आता हिचा हेवाही मनासारखा करता येणार नव्हता. शिवाय तिनं मला चांगलीच बारीक केली होती.

सासूबाईंनी तो केक मागून मागून खाल्ला. माझा केक शेजारच्या पोरांनी संपवला. निघताना सासूबाईंनी स्वतःची बाहुली जावेच्या काचेच्या कपाटात ठेवायला लावली. "माही इथंच राहू दे." तेही मला लागलं. माझी मात्र माझ्या हातात दिली.

ती आता ओट्यावर, कुकरशेजारी असते. तिच्याकडे पाहिलं की अजूनही जळते मी. आणि मुंग्या लागू नयेत म्हणून रोज सकाळी तिच्याभोवती हळदीची रेघ मीच ओढते.