खोट्या विमानाची मुकी दांडी

जऊळका हे आमचं गाव. तिथूनच सकाळची गाडी धरली. माझा पोरगा सुधाकर नागपुरात विमानदलाच्या एका शाळेत इंजिनिअर आहे. वैमानिकांना जमिनीवरच शिकवायची खोली त्यानं मांडली होती. चार दिवसांनी मोठे साहेब ती पाहणार होते. पसंत पडली नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार. त्याच्या पत्रात एवढंच होतं. मी चौथी शिकलेला, पण पोरगा अडला हे मला समजतं.

अकोल्याला नागपूरच्या मोठ्या गाडीत बसायचं होतं. विचारणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून उलट्या दिशेच्या, भुसावळच्या गाडीत बसलो. समोरच्या बाईनं सांगितलं तेव्हा, मला ठाऊकच होतं असं म्हणून उतरलो अन् नागपूरची गाडी धरली.

खोली तपासून पाहणाऱ्या पायलट साहेबांनी चिठ्ठी दिली म्हणून मला शाळेच्या फाटकातून आत सोडलं. खोलीत विमानाची नुसती बैठक, पुढं घड्याळांसारखे काटे अन् पडद्यावर पळती जमीन. पायलट साहेब तिच्यावर बसले. दिवा लागला की यंत्र स्वतः विमान चालवणार, साहेबांनी बाकीचं पाहायचं. पण साहेबांना भरवसा वाटेना. ते मध्येच विमान वळवायची दांडी धरत, यंत्राशी ओढाताण होई अन् विमान पडद्यावर आपटे. तीन वेळा आपटलं. सुधाकरचा चेहरा उतरला.

मी म्हणालो, "यंत्र विमान वळवून राह्यलं, मंग दांडी काहून वळत नाही?"

"बाबा, त्यासाठी दिवा आहे. हा छकडा नाही."

"बाजारातून येताना बैल आपल्या मतानं चालते. मी डोळे मिटतो, पन बैलाचा कासरा हातात ढिला ठेवतो. बैल वळला का बोटाले समजते. दिव्याकडं पाह्यत बसलं त मानूस बाकीचं कवा पाहीन?"

साहेबांनी विचारलं, "आणि बैल चुकला तर?"

"आवळतो. हातातच असते नं."

दोन दिवस सुधाकरनं तारा अन् मोटर जोडून दांडी यंत्राबरोबर हलती केली. मोठे साहेब आले तेव्हा मला काचेबाहेर उभं केलं. पायलट साहेबांनी दांडीवर नुसता तळवा ठेवला होता. यंत्रानं विमान टेकडीकडं वळवलं तशी दांडी तळव्याखाली हलली अन् त्यांनी मूठ मिटली. विमान टेकडी चुकवून निघून गेलं. मोठ्या साहेबांनी सुधाकरला अशीच दुसरी खोली मांडायला जागा पाहायला सांगितलं.

जऊळक्याला परतलो. सुधाकरनं नागपुरात यंत्राच्या तारांचा नकाशा दाखवला होता. त्यावरचं इंग्रजी मला वाचता येत नाही. पण त्यातली दांडीची तार कुठून कुठं जाते, ते मी कोणत्याही साहेबाला बोट ठेवून दाखवीन.