आबांचे सात सेकंद

आमच्या गल्लीत सगळे छातीठोकपणे सांगतात की आबांनी लढाईत नऊ विमानं पाडली. न्हाव्याकडे गेलात तर अकरा. "अहो, एकाला तर नुसत्या हुलकावणीनं लोळवलं!" असं म्हणत तो वस्तऱ्यानंच हवेत गिरकी दाखवतो आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक श्वास रोखून बसतं.

खरा आकडा एक. आबा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. आधी घसा खाकरणार, मग बोलणार: "एक. हं. तेही अर्धं. उरलेलं अर्धं कप्तानाचं."

कप्तान त्यांच्या फुटबॉल संघाचा, आबा गोलकीपर. लढाई पेटली तेव्हा दोघं एकाच दिवशी हवाई दलात भरती झाले. साहेबांना वाटलं, गोलकीपर म्हणजे मागं राहून सांभाळणारा, तर ह्याला कप्तानाच्या विमानाची पाठ राखू द्या. तिथंच घोटाळा झाला. पाठ राखणाऱ्यानं मान सारखी फिरती ठेवायची असते. आणि गोलकीपरच्या हाडीमाशी एकच गोष्ट मुरलेली: चेंडूवरची नजर काढायची नाही.

हे मला मागच्या महिन्यातल्या एका रविवारी कळलं. आबा सदऱ्याला इस्त्री करत होते. करता करता थांबले.

"शत्रूचं विमान पेटलं. खाली चाललं. मी बघतच राहिलो. सात सेकंद. मान वर केली तर कप्तानही जळत होता."

कॉलर करपल्याचा वास आला तरी दोघांपैकी कुणी हललं नाही.

कप्तानाच्या घरी पत्र गेलं, वैमानिकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू म्हणून. आबांनी ते वाचलं होतं. आणि गप्प बसले! कप्तानाची धाकटी बहीण आमच्याच वरच्या मजल्यावर राहते. पन्नास वर्षं दर रविवारी आबा तिच्याकडे बुद्धिबळ खेळायला जायचे. तिच्याशिवाय त्यांना जिवाभावाचं कुणी नाही.

"आज सांगणार तिला."

"काहीतरीच, आबा! जिना चढेपर्यंत पाऊल मागं घ्याल. लावता पैज?"

"लावली."

मी तिच्या दाराबाहेर उभी राहिले. आधी सोंगट्या मांडल्याचा आवाज, मग आबांचं खाकरणं, मग सात सेकंदांपासून पत्रापर्यंत सगळं. मग ती.

"पन्नास वर्षं माझ्या हातचा चहा प्यायलास? वडिलांनी त्याचा फोटो भिंतीवरून उतरवला होता रे! 'बेफिकीर कार्टं' म्हणत म्हणत गेले ते. आणि तू समोर बसून प्यादी सरकवत होतास? ऊठ. तुझा पट घे आणि चालता हो."

आबा बाहेर आले. पट काखेत, एक उंट मुठीत.

"हरलीस."

हरलेच. अटही त्यांनीच घातली होती: मी हरले तर दर रविवारी त्यांच्याशी बुद्धिबळ खेळायचं. तेव्हा मी हसले होते, की तुम्हाला जोडीदार आहे ना! आता मी समोर बसते. मला फक्त घोडा कसा चालतो तेवढंच येतं.