हॉलिडेचं खरं वाक्य

इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या सासूबाईंना उतारवयात इंग्रजी शिकायची हौस आली आणि शिकवायचं काम सुनेच्या गळ्यात पडलं. ती रोज पुस्तकातला एक शब्द द्यायची, सासूबाई त्यावर वाक्य करायच्या. पण त्यांचा हट्ट असा, की लिहायचं ते खरंच. ‘किचन’वर त्यांनी लिहिलं, ‘माय किचन इज स्मॉल.’ ‘हजबंड’वर लिहिलं, ‘माय हजबंड स्नोर्स,’ आणि ते सासऱ्यांना मोठ्याने वाचूनही दाखवलं.

गाडी अडली ती ‘हॉलिडे’वर.

“आई, लिहा ना, टुडे इज अ हॉलिडे,” सून म्हणाली.

“खोटं कशाला लिहू? गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला, तरी कधी दुकान बंद ठेवलंय का मी?”

डॉक्टरांचं नाव काढलं की त्या अंगावर धावून येत, म्हणून सुनेने पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानाशी पोचली तर शटर खाली. बाहेर खुर्ची टाकून, परीटघडीचे कपडे घालून सासूबाई चहा पीत बसलेल्या. गाठोडं घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या ठसक्यात सांगत होत्या, “टुडे इज अ हॉलिडे!”

सून बघतच राहिली. एका वाक्यापायी या बाईने दुकान बंद ठेवलं!

“झालं बाई एकदाचं खरं,” सासूबाई म्हणाल्या. “आता पुढचा शब्द दे.”

पुस्तकाप्रमाणे ‘डोअर’ची पाळी होती. सुनेने त्यांच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “डॉक्टर.”