पहिल्या गाण्यानंतरचे अकरा

"कोणासाठी आलात?"

हा प्रश्न मी दर रविवारी दुपारी चारपासून विचारते. नऊ वर्षांत त्याचा इतका वीट आलाय की घरी दारात कुणी उभं राहिलं तरी जीभ तिकडेच वळते. एकदा नणंदेलाच विचारलं. ती दोन महिने आली नाही, तेवढंच काय ते या नोकरीनं माझं भलं केलं.

फर्निचरच्या दुकानामागचा जिना उतरलात की समोर माझं टेबल. टेबलावर तिकिटांचं पुस्तक, मनगटावर मारायचा शिक्का आणि टकटक्या. टकटक्या म्हणजे मुठीत मावणारं मोजायचं यंत्र. माणूस आत गेला की अंगठ्यानं दाबायचं, आकडा एकानं पुढे सरकतो. माझ्यामागे काळा पडदा, पडद्यामागे ऐंशी खुर्च्या, बुटकं स्टेज आणि ओल आलेल्या भिंती. इथले लहानसहान बँड इथेच वाजवतात, कारण दुसरीकडे त्यांना कुणी उभं करत नाही. हे मालकाला पक्कं ठाऊक आहे.

मालकाला तोंडावर मी "साहेब" म्हणते, मनात अरेतुरे करते. नोटा मोजताना तो अंगठा जिभेवरून फिरवतो. नुसता टेकवत नाही, चांगला फिरवतो. त्याच्या हातून आलेली प्रत्येक नोट कडेला ओली असते. पगार घरी नेला की मी आधी खिडकीत पसरून ठेवते आणि हात साबणानं धुते. नवरा हसतो. हसू दे, त्याला त्या नोटा घ्याव्या लागत नाहीत.

त्याचा हिशोब असा. पहिल्या तीस तिकिटांचे पैसे मालकाचे: दिवे, माईक, वीज, आणि "जागेचं नाव". एकतिसाव्या तिकिटापासून निम्मे बँडला. तेही आलेल्या माणसानं दारात बँडचं नाव घेतलं तरच. "सहज आलो", "गाणी ऐकायला आलो" असं म्हणणारा मालकाच्या खात्यात. म्हणून तो प्रश्न. एकच बँड असला तरी विचारायचाच. बहुतेक रविवारी आकडा तेहतीस-चौतीसवर थांबायचा. म्हणजे पाच जणांच्या बँडला मिळून दोन तिकिटांचे पैसे. सामान आणायच्या टेम्पोला त्याच्या दुप्पट लागायचे. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण ती भाजून वर "थँक यू साहेब" म्हणणारी फक्त याच तळघरात.

त्यांच्यातले एक काचमास्तर. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम, म्हणून काच. आणि कुणाचंही वाद्य केसभर बेसूर असलं तरी त्यांना राहवायचं नाही, म्हणून मास्तर. वय छप्पन्न. ते कीबोर्ड वाजवायचे. कार्यक्रम संपला की केबल तळहातापासून कोपरापर्यंत एकसारखी गुंडाळायची आणि चष्मा पुसायच्या पिवळ्या फडक्याच्या पट्टीनं बांधायची, ही त्यांची सवय. बाकीचे केबलचा गुंता पिशवीत कोंबून मोकळे व्हायचे. मास्तरांना ते पाहवत नसे, मग ते सगळ्यांच्याच गुंडाळत बसत.

माझ्या चष्म्याच्या काचाही तेच करून द्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "दारावरच्या माणसाकडून काय घ्यायचे, ताई? तुमच्या अंगठ्यावर तर आमचं पोट." पोट कसलं, पण बोलायची रीत. मीही पर्स उघडल्यासारखं करून बंद करायची. फुकट ते पौष्टिक.

नऊ वर्षांत त्यांनी त्या खोलीत कुणाला आणलं नाही? बायको, मेहुणी, मेहुणीचा दीर, दुकानातला हिशेबनीस, आणि सासूबाई. सासूबाई पहिल्या रांगेत कानात कापूस घालून बसायच्या आणि प्रत्येक गाण्याला टाळ्या वाजवायच्या. मी एकदा विचारलं, "आजी, आवडतं का?" तर म्हणाल्या, "जावई घामाघूम होतो, म्हणजे चांगलंच असणार."

ठिणगी पडली ती मेहुणीमुळे. एका रविवारी माझ्या टेबलाशीच ती म्हणाली, "भाऊजी, नऊ वर्षं दर महिन्याला तिकीट काढतेय. तुम्हाला त्यातले चार आणेही मिळत नाहीत. त्यापेक्षा पैसे तुमच्या हातावरच ठेवते ना. मला जिना तरी उतरायला लागणार नाही." सगळे हसले, मास्तरही हसले. पण जिना चढताना मध्येच थांबले, मला आठवतंय. आपली कमाई म्हणजे आपल्याच घरच्यांचे पैसे, मालकाच्या जिभेवरून फिरून आलेले, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा लख्ख दिसलं.

मग त्यांनी कागद केला. पाच बँड, पाच सह्या. कागदावर एवढंच: प्रत्येक बँडला ठरलेली रक्कम, आधी हातावर, मग गाणं. तोवर इथे कुणी वाजवायचं नाही. मला दाखवताना म्हणाले, "बोटं आखडायला लागलीत, ताई. फार तर दोन-तीन वर्षं. एकदा तरी ठरलेले पैसे, वाजवायच्या आधी, हातात पडावेत. किती ते महत्त्वाचं नाही. ठरलेले हवेत."

मालकानं कागद वाचला आणि छातीवर हात ठेवला. "मित्रा, आपण एक कुटुंब आहोत रे. तू कलेला किंमत लावतोस?" तिकिटाला किंमत याच माणसानं लावलेली.

तीन रविवार तळघर रिकामं. मालक येरझाऱ्या घालायचा, माझ्यावर खेकसायचा. मला मनातून गारगार वाटत होतं. चौथ्या रविवारसाठी त्यानं नवा बँड शोधला. चार मुली, कुठेच न वाजवलेल्या. गाणारी मुलगी काचमास्तरांची.

हे मला कळलं चष्म्याच्या दुकानात. नंबर वाढला म्हणून गुरुवारी गेले होते. मागच्या खोलीत घासायचं चाक फिरत होतं, त्यावर पाण्याची धार, मास्तरांचे हात कोपरापर्यंत पांढऱ्या गाळानं माखलेले. मान वर न करता म्हणाले, "मालकानं पोरीला बोलावलंय. 'ओळख होईल' म्हणाला."

"मग? तिला कागद माहीत नाही?"

"माहीत आहे. तिनं विचारलं मला, 'बाबा, जाऊ का?' तिच्या वयात मला कुणी बोलावलं असतं तर मी विचारलंही नसतं." त्यांनी काच उजेडात धरली. "मी नको म्हटलं असतं तर ती थांबली असती, ताई. जन्मभर थांबली असती. म्हणून म्हटलं, जा."

आपलेच दात, आपलेच ओठ. मी जुनी फ्रेम त्यांच्याकडे ठेवली आणि निघाले.

आता माझी गोष्ट सांगते. लाज वाटते, पण सांगते. मालकाचा आणखी एक नियम होता, जो कागदावर नव्हता आणि कुठल्याच बँडला ठाऊक नव्हता. पहिलं गाणं सुरू झालं की टकटक्या खाली ठेवायचा. उशिरा येणाऱ्यांचं तिकीट फाडायचं, शिक्का मारायचा, पण अंगठा दाबायचा नाही. स्टेजवरच्यांच्या डोळ्यांवर दिवे असतात, त्यांना खुर्च्या मोजता येत नाहीत. कुणी विचारलंच तर "ते माझे पाहुणे" असं मालक सांगायचा. नऊ वर्षं मी हे केलं. मालकाची जीभ मला दिसायची, माझा अंगठा दिसायचा नाही.

त्या रविवारी तीन वाजताच मुली आल्या. मास्तरांची मुलगी माझ्या गळ्यातच पडली, "मावशी, किती जण येतील?" रस्त्याच्या पलीकडे बाकीच्या बँडचे चार-पाच जण हाताची घडी घालून उभे होते. आत कुणी आलं नाही, घरीही कुणी गेलं नाही.

टकटक्यावर एकोणतीस झाले आणि काचमास्तर जिना उतरले. इस्त्रीचा शर्ट, नखांत पांढरा गाळ.

"किती झाले?"

"एकोणतीस."

त्यांनी पैसे काढले. "दोन द्या."

मला प्रश्न विचारायचाच होता, मालक पडद्याशी उभा होता. "कोणासाठी आलात?"

त्यांनी मुलीच्या बँडचं नाव घेतलं. आवाज स्वच्छ होता. "दुसरं सासूबाईंच्या नावानं. गुडघे दुखताहेत, त्या येणार नाहीत. पण धरा."

मी दोनदा दाबलं. एकतीस. घरचेच पैसे मालकाच्या हातून फिरवायचे नाहीत म्हणून ज्यांनी कागद केला, त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत तेच केलं, पोरीला रिकाम्या हातानं घरी यावं लागू नये म्हणून. मग ते आत गेले नाहीत. पडद्याजवळ भिंतीला टेकून उभे राहिले. तिला आपण दिसू नये असं वाटलं असेल.

गाणं सुरू झालं. मी सवयीनं टकटक्या खाली ठेवला. तेवढ्यात जिन्यावर धडधड झाली. तिच्या कॉलेजची पोरं, बस उशिरा आलेली. अकरा जण. प्रत्येकानं न विचारता बँडचं नाव घेतलं. मी अकरा तिकिटं फाडली, अकरा शिक्के मारले.

मान वर केली तर मास्तर माझ्या हाताकडे पाहत होते. नऊ वर्षं पहिल्या गाण्याच्या वेळी ते आत वाजवत असायचे. पहिलं गाणं दाराशी उभं राहून त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी टकटक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पडदा सारून आत गेले. जिभेचा, ओल्या नोटांचा सगळा तिटकारा मी इतकी वर्षं मालकाच्या नावावर जमा करत होते. त्यातला निम्मा माझा निघाला.

कार्यक्रम संपल्यावर मालकानं अंगठा जिभेवरून फिरवला आणि एका तिकिटाच्या निम्म्या पैशांची नोट मुलीच्या हातावर ठेवली. "पहिली कमाई! जपून ठेव, नशीब असतं यात." तिनं खरंच पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. "बाबा, एकतीस!" ती ओरडली. मास्तर म्हणाले, "छान गायलीस." आणि तिची केबल गुंडाळायला बसले.

सोमवारी दोन बँडांनी मालकाला फोन केले, आम्ही पुन्हा वाजवायला येतो म्हणून. मास्तरांनी त्यांना त्या अकरा जणांबद्दल सांगितलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, "असं सगळीकडेच असतं हो मास्तर, आपण किती ताणायचं?" मालकानं हे मला मिटक्या मारत सांगितलं. तो पुढच्या रविवारीही मुलींनाच बोलावणार होता.

गुरुवारी मी चष्मा आणायला गेले. जायचं नव्हतं, पण चष्म्यावाचून तिकिटावरचे आकडे दिसत नव्हते. मास्तरांनी डबी काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला.

त्यांनी किंमत सांगितली. पूर्ण. फ्रेम जुनी, काचा नव्या, घासणावळ वेगळी.

"आधी पैसे," ते म्हणाले.

मी दिले. त्यांनी कोरड्या बोटांनी मोजले आणि पावती लिहिली. मग डबीवरचा हात काढला. "मास्तर, मी..."

"पोरीला मी सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "माझ्या तोंडून निघत नाही. तुम्ही सांगा." आणि मागच्या खोलीत जाऊन त्यांनी चाक सुरू केलं.

रविवारी ती सगळ्यांच्या आधी आली, खांद्यावर केबलचं वेटोळं घेऊन. "मावशी, आज पन्नास होतील बघा! ती नोट मी अजून मोडली नाहीये."

मी बसूनच सांगितलं. उभं राहायचं धाडस नव्हतं. "गेल्या वेळी बेचाळीस तिकिटं गेली. पहिल्या गाण्यानंतर आलेले अकरा मी मोजले नाहीत. कधीच मोजत नाही. तुझ्या बाबांचेही कधी मोजले नाहीत."

मला वाटलं, आता रडेल किंवा मला काहीतरी फेकून मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मग ते एकतीस?"

"एकोणतीस होते. तिसावे तुझे बाबा. एकतिसावं तुझ्या आजीच्या नावाचं."

"आजी तर आलीच नव्हती."

तिनं पर्सचा आतला कप्पा उघडला, नोटेकडे पाहिलं आणि ती माझ्या टेबलावर ठेवली. मग आत गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली तेव्हा बाकीच्या तिघी तिच्यामागे होत्या, आणि स्टेजवर लावलेली केबल ती चालता चालता तळहातापासून कोपरापर्यंत गुंडाळत होती.

मालक मागून धावत आला. "अगं, झालं काय? लोक यायला लागतील!"

"ठरलेले पैसे, आधी हातावर. मग गाणं."

"अस्सं." तो हसला. "बाबांनी शिकवलं वाटतं?"

"नाही," ती म्हणाली. "बाबांनी तिकीट काढलं."

चौघी जिना चढून गेल्या. मालक मला म्हणाला, "तू बघत काय बसलीस?" मी टकटक्या शून्यावर आणला, त्या नोटेशेजारी ठेवला आणि माझी पर्स उचलली.